फाल्गुनात बसलेली कानबाई

टीव्हीवर दिसायची हौस कुणाला नसते? प्रकाशा गावच्या सिंधुबाईला ती होती, आणि ती फिटायचा दिवसही उजाडला होता. आषाढातला रविवार. सरकारी चॅनेलवर आज सिंधुबाई दिसणार, हे निम्म्या गावाला ठाऊक झालं होतं. दुसरी कुणी असती तर नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली असती आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून थांबवून सांगत बसली असती. सिंधुबाई मात्र पहाटेपासून देवापुढे एकच मागणं मागत होती, की तापीकाठचे विजेचे सगळे खांब आज आडवे पडू देत.

देवाने ऐकलं नाही. पंखा गरगर फिरत होता.

असं का, ते समजायला आधी कानबाई समजली पाहिजे. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खानदेशातल्या घरोघरी कानबाई बसते. बसते म्हणजे चौरंगावर नारळ मांडतात, त्याला डोळे, नथ, दागिने घालून देवीचं रूप देतात, रात्रभर गाणी म्हणतात, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. सिंधुबाईच्या सगळ्या भाऊबंदांत मिळून कानबाई एकच. तिचा नारळ दरवर्षी नवा आणायचा नाही. सासूच्या सासूने विधी करून घेतलेला जुना, काळपट नारळ होता तो. नदीत बुडवून पुन्हा घरी आणायचा आणि तांबड्या फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवायचा. श्रावणातला तो एक रविवार सोडला तर फडक्याची गाठ सोडायची नाही, असा दंडक. आणि तो डबा असायचा थोरल्या घरी. म्हणजे जिजीकडे.

जिजी ही सिंधुबाईची थोरली जाऊ. नाव केशरबाई, पण लहानमोठे सगळे जिजीच म्हणत. चौरंगापुढे बसायची ती जिजी. नथ घालायची ती जिजी. आरतीचं ताट पहिलं जिजीच्या हातात. सिंधुबाईने पितळ घासायचं, पुरण वाटायचं, चुलीपुढे घाम गाळायचा आणि गाण्याला मागून सूर धरायचा. यात जिजीचा काही जुलूम नव्हता. थोरली ती थोरली. पण दरवर्षी कानबाईचे फोटो निघत, आणि त्या फोटोंत सिंधुबाईचं फार तर कोपर येई. हिरव्या बांगड्यांच्या वरचं, जरा काळवंडलेलं कोपर. लग्नापासून इतके श्रावण गेले, पण अल्बममध्ये बाई कोपराच्या वर काही सरकली नव्हती.

तर झालं असं, की गेल्या फाल्गुनात टीव्हीवाले प्रकाशाला आले. संगमावरची देवळं, घाट, असं काय काय त्यांना दाखवायचं होतं. त्यांच्यातल्या एका चुणचुणीत मुलीने घाटावर धुणं धुणाऱ्या सिंधुबाईला विचारलं, ''मावशी, इथल्या बायकांचा खास असा सण कोणता?'' सिंधुबाईने कानबाईचं सांगितलं. सांगता सांगता दोन गाणीही म्हणून दाखवली. आवाज तिचा चांगला, त्यात खोट नाही. मुलगी खूश झाली. ''बघायला मिळेल का कानबाई?''

इथे बाईने म्हणायला हवं होतं, की पोरी, श्रावणात ये. जिजी तेव्हा नंदुरबारला होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लेकीकडे राहिली होती. तिचा मुलगा नवनीत आणि सून चेतना दिवसभर पपईच्या मळ्यात. सांजवात लावायला म्हणून घराची एक किल्ली सिंधुबाईच्या कमरेला.

''मिळेल की,'' सिंधुबाई म्हणाली.

बाजारातला एखादा नारळ मांडला असता तरी कॅमेऱ्याला काय कळणार होतं? तिच्या मनात आलंही ते. पण मुलीने सहज विचारलं, ''मावशी, खरीच असेल ना?'' आणि सिंधुबाईला तो खोटा नारळ एकाएकी फार खोटा वाटू लागला. तिने जिजीच्या घराचं कुलूप उघडलं, डबा पदराखाली घेतला, बोळातून आपल्या घरी आणला आणि गाठ सोडली. रोट, म्हणजे फक्त भाऊबंदांनीच खायचा प्रसाद, तेवढे केले नाहीत. रोटाचं दळण दळायला हात धजला नाही. बाकी चौरंग, केळीचे खांब, नथ, सगळं केलं. चुडामण, तिचा नवरा, दाराशी घुटमळला. ''जिजीले इचारं का?'' त्याने विचारलं.

''इचारं,'' तिने खोटंच सांगितलं. चुडामण भोळा सांब. तो केळीचे खांब धरून उभा राहिला.

मग त्या मुलीने विचारलं, की ही कानबाई कुणाकडे बसते. आणि सिंधुबाई शाळेतल्या मराठीत, ताठ बसून म्हणाली, ''पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरी बसते. माझ्याच हातानं.''

दिवे विझले, गाडी गेली, धुरळा खाली बसला आणि बाई भानावर आली. तिने नारळ पुसून फडक्यात बांधला आणि डबा होता तिथे नेऊन ठेवला. चार दिवसांनी जिजी परत आली. आज सांगू, उद्या सांगू करता करता फाल्गुन गेला, चैत्र गेला, पपईची नवी रोपं लागली. न सांगितलेली गोष्ट तांदळातल्या किड्यासारखी असते. डबा बंद ठेवला म्हणून ती मरत नाही.

कार्यक्रम रविवारी लागणार, असा टीव्हीवाल्यांचा मेसेज चुडामणच्या फोनवर आला. त्याला ती बारीक अक्षरं काही लागेनात, म्हणून त्याने आनंदाने जाऊन पुतण्याकडून, नवनीतकडून, तो वाचून घेतला. झालं. थोरल्या घरी कळलं म्हणजे गावाला कळलं.

रविवारी चहाचा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच चेतना दारात. ''काकू, जिजी बलाई ऱ्हायनी. टीव्ही लाई दिना तिनी.''

''इतला सकाय? किती वाजता लागनार शे ते?''

''ते काय माले माहीत नही बा. जिजी म्हने, काकूले लई ये.''

थोरल्या घराच्या पुढच्या खोलीत जिजी पलंगावर मांडी घालून बसली होती. टीव्हीवर एक माणूस चटईवर बसून श्वास आत घ्या, बाहेर सोडा, असं समजावत होता. जिजीने शेजारची जागा हाताने झटकली. ''सिंधू, आठे ये. मन्हाजोडे बठ. टाइम काही सांगेल नही. आपीन बठी ऱ्हासूत.''

सिंधुबाई बसली. टीव्हीतला माणूस म्हणत होता, श्वास बाहेर सोडा. तिचा काही सुटत नव्हता.

तिची सगळी भिस्त जिजीच्या डोळ्यांवर होती. गेल्या श्रावणापर्यंत जिजीला टीव्हीत नुसते रंग दिसत. बाई आहे की बैल, तेसुद्धा विचारावं लागे. ऑपरेशन झालं तरी म्हाताऱ्या माणसाला किती दिसणार, अशी आशा सिंधुबाईने मनाशी धरली होती. तेवढ्यात पडद्याच्या तळातून बातम्यांची बारीक अक्षरं सरकू लागली, आणि एकेकाळी चौथी शिकलेली जिजी ती एक एक करून मोठ्याने वाचू लागली. धरणाचा साठा, कांद्याचा भाव, हवामान खात्याचा इशारा. ''आते कसं साफ दिखस माले,'' जिजी म्हणाली. सिंधुबाईने मान डोलावली.

सरकारी चॅनेल म्हणजे डाळबट्टीच्या पंगतीसारखं. काय वाढतील आणि कधी वाढतील, ते वाढणारा जाणे. भजनं झाली. मग जुन्या सिनेमातली गाणी. मग एक डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना कुठून कुठून लोक फोन करून विचारत होते. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मनात काही दडपण आहे का, ते घरच्यांशी बोला. सिंधुबाईने पदराने तोंड पुसलं. आता चॅनेलसुद्धा आपल्यावर उठलं, असं तिला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तेव्हाच जिजीने चेतनाला मळ्यात नवनीतची न्याहारी द्यायला पाठवलं. खोलीत दोघीच उरल्या. जिजीने रिमोट घेऊन आवाज कमी केला.

''काय वं, काही सांगनं शे का तुले?''

''नही जिजी. काही नही.''

जिजीने आवाज पुन्हा वाढवला.

दुपारी बट्ट्या झाल्या. सिंधुबाईने उठायचं निमित्त म्हणून वरणाला फोडणी दिली, भांडी घासली, आधीच स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला. दर वेळी आतून हाक यायची. ''सिंधू, ये वं. जाई निघी ते.'' कार्यक्रम निघून जाईल म्हणून. आणि ती परत येऊन त्याच जागी बसायची. पडद्यावर पपईवरच्या रोगाची चर्चा चालली होती, म्हणून दोन गडीमाणसं दारात उभी राहून ऐकून गेली. मग मुक्याबहिऱ्यांसाठी बातम्या लागल्या. पडद्यावरची बाई हातवारे करून सांगत होती. एक शब्द न बोलता सगळं सांगत होती. सिंधुबाईला तिचा हेवा वाटला. तोंड न उघडता सांगता आलं असतं तर तिने कधीच सांगून टाकलं असतं.

त्या बातम्या चालू असतानाही जिजीने एकदा तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ''थकनी का? काही बोलत व्हती का तू?''

तो हात गुडघ्यावर होता तेवढा वेळ सिंधुबाईच्या ओठांशी सगळं आलं होतं. जिजी, मी डबा नेला होता. एवढंच. यापरीस भाजीवालीशी घासाघीस करायला जास्त शब्द लागतात. पण मग जिजी विचारणार, का नेलास. आणि का नेला याचं उत्तर असं होतं, की मला पुढे बसायचं होतं. साठीला टेकलेल्या, नातवंडं असलेल्या बाईने हे तोंडाने कसं म्हणायचं? चोरीची लाज वाटत होतीच. पण त्या हौसेची लाज चोरीपेक्षा मोठी होती.

''नही जिजी,'' ती म्हणाली.

कार्यक्रम अजून लागायचाच आहे असं ऐकून चार वाजल्यापासून खोली भरू लागली. बोळातल्या बायका आल्या, वाणीगल्लीतल्या अनोखीबाई आल्या, चुडामण धुतलेलं धोतर नेसून आला. आणि सगळ्यात शेवटी भिकन आला. भिकन म्हणजे भाऊबंदांतला कर्ता पुरुष, नियमाचा पक्का. एका वर्षी कुणाच्या जावयाने चुकून रोटाचा तुकडा तोंडात टाकला, तर याने त्या घराला पुढच्या श्रावणात चौरंगाला हात लावू दिला नव्हता. त्याला खुर्ची दिली. टीव्हीवर शाळेतली मुलं प्रश्नांची उत्तरं देत होती. चुकलं की भोंगा वाजायचा.

मुलं गेली. बासरी वाजली, तापीचं पात्र दिसलं, देवळांचे कळस दिसले. मग पडद्यावर भलीमोठी सिंधुबाई आली.

''काकू, तुम्ही,'' चेतना म्हणाली. बायका हसल्या, कुणी तिच्या पाठीवर थाप मारली. पडद्यावरची सिंधुबाई घाटावर गात होती, आणि खरोखर चांगली गात होती. खोलीतली सिंधुबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. तिला ऐकू येत होतं. ''पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरी बसते. माझ्याच हातानं.'' मान वर केली तेव्हा पडदाभर नारळ होता. चांदीचे दोन डोळे, त्यातला डावा जरा तिरपा, कारण फार पूर्वी जिजीच्याच हातून तो तसा बसला होता. नथीतला हिरवा मणी. कुणीही ओळखला असता.

टीव्हीतली मुलगी हौसेने माहिती देत होती.

''हाई तं आपली कानबाई शे,'' भिकन सावकाश म्हणाला. ''फागुनमा कशी बसनी?''

चुडामणने बायकोकडे पाहिलं. अनोखीबाईंनी पदर सावरला. सिंधुबाईला वाटलं, जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात ते उगीच नाही. तिने तोंड उघडलं, पण त्याआधी शेजारून आवाज आला.

''मी सांगं व्हतं,'' जिजी म्हणाली. ''टीव्हीवालास्ना फोन उनथा माले नंदुरबारले. किल्ली मीच दिन्ही व्हती. तिनी मन्हं ऐकं.''

''आनि तिना घर बसस म्हने, तेबी तुम्हीच सांगं का वहिनी?''

''हां, तेबी मीच. तिनं घर आनि मन्हं घर काय येगळं शे का? दोष लागाना व्हई ते माले लागी.''

जिजीच्या शब्दापुढे बोलायची भाऊबंदांत रीत नव्हती. भिकनने दोनदा मान हलवली, चहा घेतला आणि श्रावणात देवीपुढे माफी मागायला हवी एवढं बोलून गेला. बायकाही उठल्या. जाता जाता अनोखीबाई म्हणाल्या, ''जाऊ असावी तर अशी.'' हे सिंधुबाईच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं.

चेतना कपबशा घेऊन आत गेली. पडद्यावर आता कुणीतरी सतार लावत बसला होता. जिजीने टीव्ही बंद केला. सकाळपासून पहिल्यांदा खोली शांत झाली.

''जिजी, माले...''

''फडकानी गाठ देखी तव्हयच वयखं मी,'' जिजी म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. ''गाठ तुन्ही व्हती. डोया नवा व्हतात ना मन्हा.''

म्हणजे ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी जिजीने फाल्गुनातच गाठ ओळखली होती. सिंधुबाईने मनातल्या मनात ते सगळे दिवस उलटून पाहिले. अक्षय तृतीयेला जिजीने बोलावून सांजोऱ्या दिल्या होत्या. वटपौर्णिमेला दोघी एकाच ताटाने पुजेला गेल्या होत्या. प्रत्येक वेळी जिजीला माहीत होतं.

''आनि साडेचारले लागनार शे, हाईबी माहीत व्हतं माले. नवनीतनी वाचेल व्हतं. तेले मीच म्हंत, कोनले सांगू नको. सकायपासून बसाडं तुले मन्हाजोडे. म्हंत, आते सांगी, मंग सांगी. तू सांगं असतं ते टीव्ही बंद करी देती. डोकं दुखस म्हनीसन सगळास्ले घर धाडी देती.''

सिंधुबाईला योगासनं आठवली, डॉक्टरीणबाई आठवल्या, गुडघ्यावरचा हात आठवला. एवढे कार्यक्रम झाले, आणि ती दर वेळी नाही म्हणाली होती. तिला रडूही येईना. रडायला निदान आपली बाजू थोडी तरी खरी असावी लागते.

''मी जास,'' ती उठत म्हणाली. ''भिकनभाऊले सांगी येस. आतेच जास.''

''मंग मी खोटी पडसू,'' जिजी म्हणाली. ''बठ खाले.''

ती खाली बसली. तेही दार बंद झालं होतं.

जिजी पलंगावरून उतरली. देवघरातून तिने पितळी डबा आणला आणि सिंधुबाईच्या मांडीवर ठेवला. ''कानबाईना नाववर मी खोटं बोलनू, चार मानसंमा. आते मन्हा हात तिले कसा चाली? औंदा तू बसाडशी. तुन्हा घर.''

''नका जिजी. तुम्हना पाय धरस.''

''तुले पाहिजे व्हतं ना?'' जिजीने विचारलं. टोमणा नव्हता तो, ती खरंच विचारत होती. डबा मांडीवर घेऊन सिंधुबाई अंधार पडेपर्यंत बसून राहिली. चेतनाने दिवा लावला तेव्हा उठली.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई धाकट्या घरी बसली. जिजीने सगळ्यांना सांगितलं, आता गुडघ्याने खाली बसवत नाही, म्हणून यंदापासून सिंधूकडे. भाऊबंद सगळे आले. सिंधुबाईने नथ घातली, डोळे लावले, डावा डोळा होता तसाच तिरपा ठेवला. आरतीचं ताट पहिलं तिच्या हातात आलं. गाणं तिनेच उचललं, आणि मागून कुणीतरी सूर धरला. तो सूर जिजीचा आहे हे तिला मागे न बघताही कळलं, आणि दुसरी ओळ तिने अर्ध्यावर सोडली. ओळ बायकांनी पुरी केली.

चेतनाने फोनवर फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कानबाईला नदीवर पोहोचवून आल्यावर तिने ते काकूला दाखवले. चौरंग आहे, कानबाई आहे, आणि तिच्यापुढे मधोमध सिंधुबाई आहे, पुरी, डोक्यावरच्या पदरापासून पायाच्या बोटापर्यंत. उजव्या कडेला, चुलीच्या बाजूला, एक कोपर तेवढं आलं आहे. पीठ लागलेलं, म्हातारं.

''हाई काढी टाकू का काकू?'' चेतनाने विचारलं. ''कापता येस.''

''नको,'' सिंधुबाई म्हणाली. ''माले काप.''

चेतना हसली. तिला वाटलं, काकू चेष्टा करते आहे.